डावं वल्हं

दुपारच्या कॉफीच्या वेळी, कुंभकोणमला, रविशंकररावांच्या तंजावरी मराठी घरात एक नाव गोल फिरायला लागली आणि काही केल्या थांबेना.

नाव टीव्हीच्या पडद्यावर होती. तिच्यात छत्रीवाला एक गृहस्थ, एक जाडजूड बाई आणि एक बोकड असे उतारू बसले होते. वल्ही सीतालक्ष्मीबाईंच्या ताब्यात होती. मांडीवरच्या काळ्या कंट्रोलरवर दोन अंगठ्यांसाठी दोन दांड्या होत्या. उजवी ढकलली की उजवं वल्हं पाणी कापी. डावीही त्या जीव खाऊन ढकलत होत्या, पण डावं वल्हं जागचं हलत नव्हतं. नाव डावीकडे गिरक्या घेत राहिली. शेवटी बोकड पाण्यात पडला.

"अहो, इकडं या की!" सीतालक्ष्मीबाई ओरडल्या. "डावा ऐकत नाही!"

रविशंकरराव कॉफीचा पेला हातात घेऊनच स्वयंपाकघरातून धावले.

"दमली असशील. थोडं थांब."

"दमले नाही. ढकलते आहे. अंगठा बघा. ढकलते की नाही?"

अंगठा दांडी ढकलताना दिसत होता. वल्हं हलताना दिसत नव्हतं. दोघांनी बराच वेळ आळीपाळीनं अंगठ्याकडे आणि वल्ह्याकडे पाहिलं. मग दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली.

गेल्या कार्तिकात गोविंदपुरमच्या विठ्ठलाच्या देवळात भजन चालू असताना सीतालक्ष्मीबाईंच्या डाव्या हातातला टाळ खाली पडला होता. टाळ पडला म्हणून सगळ्यांनी मान वळवली, तेव्हा त्याही हळूहळू त्याच बाजूला कलत होत्या. जीव वाचला, बोलणं परत आलं, पाय काठीच्या आधारानं चालू लागला. हात मात्र परक्याचा असल्यासारखा मांडीवर पडून राही. रोज सकाळी व्यायाम करवून घ्यायला मधुमिता नावाची मुलगी येई. तिनं एक रबरी चेंडू दिला होता. "अम्मा, दिवसभर दाबत राहायचं." सीतालक्ष्मीबाईंना तो चेंडू आवडला नाही. "दाबून काय होतं त्याला?" त्या म्हणायच्या. "तो काही बोलत नाही, रडत नाही."

तेव्हा शशांक धावून आला. शशांक हा सीतालक्ष्मीबाईंच्या भावाचा मुलगा, आत्याच्या नवऱ्याला तमिळ रीतीनं मामा म्हणणारा. तो चेन्नईत संगणकाच्या कामावर होता आणि लिनक्सवर त्याची श्रद्धा होती. त्यानं रविशंकररावांच्या जुन्या संगणकावरचं विंडोज पुसून टाकलं, लिनक्स घातलं, तो टीव्हीला जोडला आणि इंटरनेटवरच्या एका दुकानातून नावाड्याचा खेळ विकत घेऊन दिला.

"मामा, यात व्हायरस येत नाही, काही नाही. लिनक्स बिघडत नाही. आणि हे बघा, दुकानात खेळाच्या नावाखाली पेंग्विन आहे. पेंग्विन म्हणजे लिनक्सवर चालणार, ही खात्री."

रविशंकररावांचा सगळा जन्म तिरुभुवनम्‌च्या रेशमी विणकरांच्या सोसायटीत गेला होता. साडीवर शिक्का असला की रेशीम अस्सल, ही गोष्ट ते अर्ध्या झोपेतही सांगू शकत. पेंग्विनलाही त्यांनी तोच मान दिला.

आणि खेळानं काम केलं. सुरुवातीला सीतालक्ष्मीबाईंनी इतके उतारू बुडवले की शेजारी कुणी पाहिलं असतं तर पोलिसांना बोलावलं असतं. छत्रीवाल्याचं नाव त्यांनी चंद्रमौली ठेवलं होतं. समोरच्या घरातल्या वकिलाचं. तो पाण्यात पडला की त्या हळहळत, पण फार नाही. हळूहळू डावा अंगठा जागा झाला. पोंगलपर्यंत नाव वेडीवाकडी का होईना, पैलतीराला लागू लागली. नंतर तर चंद्रमौली कोरडाच उतरायचा. मधुमिता खूश होती. सीतालक्ष्मीबाईंनी गोविंदपुरमला निरोपही पाठवला होता की टाळ दुसऱ्या कुणाला देऊ नका.

आता झालं होतं असं की, खेळ बनवणाऱ्यांनी आदल्या रात्री एक सुधारणा पाठवली होती. तिच्यामुळे नदीचं पाणी अधिक निळं झालं होतं, बोकडाला शिंगं आली होती, आणि लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांना डावी दांडी दिसेनाशी झाली होती. एवढंच. पण हे कुंभकोणमच्या त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. बोकडाला शिंगं आल्याचं दोघांनीही पाहिलं होतं, पण त्या वेळी शिंगांचा विचार करण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधुमितानं चेंडू दाबायला लावला. सीतालक्ष्मीबाईंनी दाबला.

"ठीक आहे की, अम्मा."

"ठीक नाही. नाव फिरते."

"एखादा दिवस वाईट असतो. उद्या होईल."

उद्याही नाव फिरली. परवाही. रविशंकररावांनी शशांकला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता.

"मामा, लिनक्सवर असं होत नाही. कंट्रोलर बघा तुमचा. बॅटरी बदला. ठीक, सरी? नंतर बोलतो."

बॅटरी बदलली. नाव फिरली. रविशंकररावांनी कंट्रोलर पिशवीत घालून जयकुमारचं दुकान गाठलं. जयकुमारनं तो आपल्या दुकानातल्या विंडोजच्या संगणकाला जोडला आणि एका मोटारीच्या खेळात डावी दांडी डावी-उजवी करून दाखवली. मोटार तशी पळाली.

"सार, कंट्रोलर पहिल्या दर्जाचा आहे. खोट नाही."

"नक्की?"

"तुम्हीच चालवा."

रविशंकररावांनी मोटार चालवली आणि ती भिंतीवर आपटली, पण डावीकडच्या भिंतीवरच, जिथे त्यांनी नेली होती. तरी मनाच्या समाधानासाठी त्यांनी एक नवा कंट्रोलर घेतला. घरी आणून जोडला. नाव फिरली.

सीतालक्ष्मीबाईंनी नवा कंट्रोलर बाजूला ठेवला. "किती दुकानं फिरणार?" त्या शांतपणे म्हणाल्या. "यंत्र चांगलं आहे. कंट्रोलर चांगला आहे. राहिलं काय ते मज कळतं."

मग तंजावरचे मोठे डॉक्टर झाले. पुन्हा स्कॅन झालं. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून पाहिली, मग सीतालक्ष्मीबाईंना आपली बोटं धरून ओढायला लावली.

"नवीन काही दिसत नाही. पकड होती तशी आहे."

"पण नाव फिरते, डॉक्टर," रविशंकरराव म्हणाले.

"कुठली नाव?"

"नदीतली."

"या दिवसांत कावेरीत पाणी आहे?"

"टीव्हीतली नदी. डावं वल्हं हलत नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच रविशंकररावांकडे नीट पाहिलं. "तुम्हाला झोप लागते का?"

"नाही."

"हं. बघा, फार बारीक काही असेल तर स्कॅनमध्ये कधीकधी दिसत नाही. व्यायाम सोडू नका. आणि मन आनंदी ठेवा."

त्यातलं "बारीक काही असेल" एवढंच दोघांनी घरी आणलं. बसमध्ये सीतालक्ष्मीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. पापनाशमच्या पुढं त्या एकदाच बोलल्या, "टाळ दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा."

त्यानंतर त्यांनी चेंडूला हात लावला नाही. मधुमितानं समजावलं, रागावली, एकदा रडकुंडीलाही आली. "अम्मा, बोटं आखडायला लागलीत. असं सोडलं तर खरंच जाईल हात."

"गेलाच आहे," सीतालक्ष्मीबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "तू उगीच येते आहेस, लेकरू."

आणि खरोखरच बोटं आखडत चालली होती. जो हात काल-परवापर्यंत चांगला होता, तो केवळ वाईट झाला असं समजून वाईट होत होता. रविशंकरराव रोज कोमट तेल लावून एकेक बोट सरळ करत, आणि हात सोडला की बोटं पुन्हा मिटत. जेवण त्यांना गोड लागेना. सकाळची रक्तदाबाची गोळी घ्यायची आहे, हेही त्यांच्या ध्यानातून गेलं. गोळ्यांची पट्टी तंजावरला नेलेल्या पिशवीत तशीच राहिली होती.

एका दुपारी सीतालक्ष्मीबाईंचा डोळा लागला होता. रविशंकररावांच्या मनात आलं, आपण जरा नाव पैलतीराला नेऊन ठेवावी. सीतालक्ष्मी जागी झाली आणि तिनं पडद्यावर उतारू सुखरूप उतरलेले पाहिले, तर तिला वाटेल तिनंच कधीतरी नेले. तिला पुन्हा हुरूप येईल. खोटं होतं, पण नवऱ्यानं बायकोशी बोलावं इतपतच खोटं होतं.

ते खुर्चीवर बसले, कंट्रोलर घेतला आणि दोन्ही दांड्या ढकलल्या.

नाव डावीकडे फिरली.

त्यांनी पुन्हा ढकलल्या. जोरानं. उजवं वल्हं पाणी कापत होतं. डावं हवेत उभं होतं. छत्रीवाला चंद्रमौली नेहमीच्या समाधानी चेहऱ्यानं गोल गोल फिरत राहिला.

रविशंकररावांनी कंट्रोलर हलकेच खाली ठेवला आणि आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. हात नेहमीसारखा दिसत होता. पण सीतालक्ष्मीचाही त्या दिवशी नेहमीसारखाच दिसत होता. त्यांनी मूठ वळली. वळली. पण जरा सावकाश वळली का? बोटांना मुंग्या आल्यासारख्या वाटल्या, आणि वाटल्या म्हणताच आल्याच. उठताना डाव्या पायातली चप्पल निसटली. यापूर्वी ती हजारदा निसटली होती. पण तेव्हा ती नुसती चप्पल होती.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी डाव्या हातात पाण्याचा तांब्या धरून पाहिला. धरवला. डोळे मिटून नाकाला बोट लावून पाहिलं. लागलं, पण गालाला घासून गेल्यासारखं वाटलं. मग ते ओट्याला टेकून उभे राहिले. मरणाची त्यांना भीती वाटली नाही असं नाही. पण तिच्या आधी दुसरा एक विचार आला आणि तो जास्त जड होता: मी पडलो तर हिला आंघोळ कोण घालणार?

मुलगी जननी कॅनडात, नुकतीच बाळंत झालेली. तिला सांगायचं म्हणजे तिकडे तिचं दूध आटायचं. शशांक पोरगा. राहिली फक्त वसंताक्का.

वसंताक्का रविशंकररावांची थोरली बहीण. तंजावरला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. नवरा गेल्यावर आणि शाळा सुटल्यावरही तिनं मुख्याध्यापिकापण सोडलं नव्हतं. जननीच्या लग्नात ऐन मुहूर्ताच्या आधी तिनं नादस्वर वाजवणाऱ्याला थांबवून "सूर उतरला आहे" असं सगळ्या मांडवासमोर सांगितलं होतं. तो बिचारा पिपाणी पुसत बसला आणि अक्षता पडल्या त्या नुसत्या ढोलावर. सीतालक्ष्मीबाई म्हणाल्या होत्या, "अक्का, बिघाड तुमच्या कानात असेल." वसंताक्का म्हणाली होती, "माझ्या कानात? माझ्या कानात कधी काही बिघडलेलं नाही." तिथून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. वसंताक्कानं आयुष्यात चूक केली असेल-नसेल, ती स्वतःची म्हणून ओळखली कधीच नव्हती.

रविशंकररावांनी परसदारी जाऊन फोन लावला.

"अक्का, मी रवी."



"कोण गेलं?" वसंताक्कानं विचारलं.

"अजून कुणी नाही."

"मग कसाला फोन?"

"सीतेचा डावा हात पुन्हा गेला, अक्का. आणि आता... माझाही जातो आहे."

"तुझाही? कुठला?"

"डावाच."

"तुम्ही नवरा-बायको एक गोष्ट तरी वेगळी कराल तर शपथ!" वसंताक्काचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "वैनीला ठाऊक आहे?"

"नाही. सांगू नको. मी गेलो तर तिला तुझ्याकडं ने, अक्का. त्या लग्नातलं सगळं माझंच चुकलं होतं, समज."

"ते तर मज ठाऊकच आहे," वसंताक्का म्हणाली. "उद्या सकाळच्या बसनं येते. तोवर पडू नको."

ती आली ती दोन पिशव्या आणि स्वतःचा कॉफी फिल्टर घेऊन. दारातून आत येताच तिनं सीतालक्ष्मीबाईंच्या खाटेजवळ खुर्ची ओढली. सीतालक्ष्मीबाईंनी भिंतीवरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"अक्का आल्या म्हणजे माझं फार राहिलेलं दिसत नाही," त्या रविशंकररावांना म्हणाल्या.

"वैनी, जायचं असेल तर विचारून जा," वसंताक्का म्हणाली. "हात दाखवा."

हात पाहिला. आखडलेली बोटं तिनं स्वतःच्या तळव्यात घेतली आणि काहीच बोलली नाही. तिनं काही बोलू नये हे इतकं नवीन होतं की सीतालक्ष्मीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि हे कळलं कसं तुम्हाला?" वसंताक्कानं शेवटी विचारलं.

रविशंकररावांनी टीव्ही लावला. नाव, नदी, उतारू, पेंग्विन, सगळं समजावून सांगितलं. स्वतःचा प्रयोग सांगितला नाही. वसंताक्कानं कंट्रोलर हातात घेतला, उलटा धरला, मग सुलटा केला.

"हे ढकलायचं? दोन्ही?"

"दोन्ही."

तिनं दोन्ही ढकलल्या. नाव डावीकडे फिरायला लागली. रविशंकररावांच्या तोंडून "अय्यो, अक्का, तूही?" असं निघून गेलं, आणि सीतालक्ष्मीबाई कोपरावर उठून बसल्या.

"'तूही' म्हणजे?" त्या म्हणाल्या. "आणखी कोण?"

वसंताक्का मात्र पडद्याकडे बघत होती. तिनं दांडी आणखी एकदा ढकलली. मग कंट्रोलर नाकाजवळ नेऊन, ज्या नजरेनं ती कॉपी करणाऱ्या मुलींकडे पाहायची, त्या नजरेनं त्याच्याकडे पाहिलं.

"रवी, हे मोडकं आहे."

"नाही अक्का, दुकानात दाखवून आणलं. नवीनही घेतलं. ते चांगलं आहे, हात..."

"कुणाचा हात? माझा? आज सकाळी याच डाव्या हातानं बसचा दांडा धरून मी तंजावरपासून उभी आले. दुसऱ्या हातात दोन पिशव्या. माझ्या हाताला काय झालं आहे?" तिनं कंट्रोलर खाटेवर टाकला. "जे यंत्र मज सांगतं की तुला डावा हात नाही, ते यंत्र गाढव आहे."

हे इतकं साधं होतं. दोन माणसं आपापल्या हातावर संशय घेऊन मरणाची तयारी करत बसली होती. तिसरीला स्वतःवर संशय घेणं माहीतच नव्हतं, म्हणून तिला खरं दिसलं. बोटांच्या मुंग्या तत्काळ गेल्या. इतक्या तत्काळ, की आल्या होत्या की नाही याचीच त्यांना शंका आली.

वसंताक्कानं शशांकला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता.

"मीटिंग ठेव बाजूला," ती म्हणाली. "तुझ्या आत्याला तुझ्या पेंग्विननं खाटेला खिळवलं आहे. बघ काय झालं ते. मी धरते फोन."

तिनं खरंच फोन धरला. पलीकडून टकटक ऐकू येत होती. मग शशांकचा आवाज आला, पण त्यातली श्रद्धा थोडी उतरली होती.

"अय्यो... हो, अक्का. सगळीकडे तेंच आहे. लोक ओरडताहेत. कोण पोलंडमधला आहे, कोण ब्राझीलचा, सगळ्यांच्या नावा फिरताहेत. सुधारणेनंतर लिनक्सवर डावी दांडी चालत नाही."

"कधीपासून?"

"मामांनी पहिल्यांदा फोन केला ना... त्याच्या आदल्या रात्रीपासून."

"आणि विकणारे काय म्हणतात?"

"दुकान म्हणतं, बनवणाऱ्यांना विचारा. बनवणारे म्हणतात, लिनक्सची आवृत्ती आम्ही आता बघत नाही."

"मग पेंग्विन?"

"तो अजून आहे तिथं."

"मग विकतात कसाला?" वसंताक्कानं विचारलं. याचं उत्तर कदाचित पोलंडमध्येही कुणाकडं नसावं.

पण उपाय शशांककडं होता. त्यानं चेन्नईतूनच संगणकाचा ताबा घेतला. "मामा, आता काय करतो, विंडोजची आवृत्ती उतरवतो, आणि खेळाला असं भासवतो की तो विंडोजवरच आहे."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"हो. खऱ्यापेक्षा हे चांगलं चालतं."

खेळ पुन्हा सुरू झाला. पाणी निळं होतं. रविशंकररावांनी सीतालक्ष्मीबाईंच्या पाठीमागं उशा लावल्या, कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि आखडलेला डावा अंगठा हळूच उचलून दांडीवर टेकवला. "बघ की," ते म्हणाले.

सीतालक्ष्मीबाईंनी डोळे मिटून ढकललं. अंगठा थरथरला. पडद्यावर डावं वल्हं थोडंसं उचललं गेलं, थांबलं, आणि पाण्यात बुडालं.

वसंताक्का दुसरीकडं बघायला लागली. सीतालक्ष्मीबाई पुन्हा ढकलत होत्या, पुन्हा पुन्हा. नाव हेलकावे खात, अडखळत, पण पुढं सरकत होती. "माझा हात आहे," त्या म्हणाल्या. "अहो, आहे! आहे की!" आणि मग अंगठ्याला विश्रांती देत, ओल्या गालांनी, लग्नानंतर क्वचितच केलेली एक गोष्ट त्यांनी केली. नवऱ्याची थट्टा. "आता तुम्ही चालवा. 'तूही' म्हणालात ना, म्हणजे तुम्हीही गुपचूप बुडत होता!"

रविशंकरराव हसत पुढं झाले. किती दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं. थोडं जास्तच हलकं, डोकं तरंगल्यासारखं. त्यांनी कंट्रोलर घेतला आणि ऐटीत दोन्ही दांड्या ढकलल्या.

नाव डावीकडे वळली.

"डावा मारा की!" सीतालक्ष्मीबाई हसत ओरडल्या.

"मारतो आहे."

"थांबा, मामा," फोनवरून शशांक म्हणाला. "पुन्हा बिघडलं वाटतं."

वसंताक्कानं कंट्रोलर त्यांच्याकडून घेतला आणि ढकललं. नाव सरळ गेली. तिनं तो परत दिला. नाव डावीकडे वळली, सावकाश एक गिरकी घेतली, आणि चंद्रमौली छत्रीसकट पाण्यात पडला.

"यंत्र पुन्हा गाढव झालं," रविशंकरराव म्हणाले. पण 'गाढव' हा शब्द त्यांच्या तोंडून नीट निघाला नाही.

आता कुणी हसत नव्हतं.

"रवी," वसंताक्का म्हणाली, "माझ्याकडं बघ. हस."

रविशंकरराव हसले. हसू फक्त उजव्या बाजूला आलं.

पुढचं भराभर झालं. वसंताक्कानं रस्त्यावर जाऊन पहिली दिसेल ती रिक्षा थांबवली. तिच्यात आधीच बसलेल्या माणसाला तिनं उतरवलं, आणि तिचा आवाज ऐकून तो उतरलाही. रुग्णालयात रक्तदाब मोजणाऱ्या नर्सनं आकडा पाहून पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. "गोळ्या घेत नाहीत का हे?" वसंताक्कानं घरी फोन केला तेव्हा सीतालक्ष्मीबाईंनी काठी टेकत जाऊन तंजावरची पिशवी उघडून पाहिली. "पट्टी भरलेली आहे, अक्का," त्या म्हणाल्या, आणि फोन त्यांच्या हातून सुटल्याचा आवाज आला.

झटका लहान होता. संध्याकाळपर्यंत तोंड बरंचसं सरळ झालं. डावा हात मात्र जड होता. तरुण डॉक्टर पुन्हा पुन्हा एकच विचारत होते. "इतक्या लवकर आणलंत कसं? बाहेरून पाहून सहज कळलं नसतं. उशीर झाला असता तर कठीण होतं."

"नाव फिरली," रविशंकरराव जड जिभेनं म्हणाले. डॉक्टरांनी 'बोलणं अजून असंबद्ध' अशी मनाशी नोंद केली असावी, कारण त्यांनी लगेच डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेटीच्या वेळी वॉर्डाच्या दाराशी गलका ऐकून रविशंकररावांनी मान वळवली. दारात खाकी साडीतली पहारेकरीण हात आडवा करून उभी होती. एका रोग्याला एकच माणूस, असा तिथला नियम. तिच्यासमोर मधुमिताच्या खांद्याचा आधार सोडून, उजव्या हातानं काठी टेकत सीतालक्ष्मीबाई उभ्या होत्या. आणि त्यांच्या पुढं, थर्मास छातीशी धरून, वसंताक्का.

"मी बहीण आहे. मी आणलं त्याला इथं. मीच जाणार," वसंताक्का म्हणत होती.

"मी बायको आहे."

"वैनी, तुम्ही घरी पडून राहायचं, आखडलेला हात घेऊन कसाला आलात? आत जागा नाही, खाली पडाल, मग दोघांना कोण बघेल? व्हा बाजूला."

उजवा हात काठीला गुंतलेला होता. सीतालक्ष्मीबाईंनी विचारही केला नाही. डावा हात वर आला, वसंताक्काच्या खांद्यावर पडला आणि त्यानं तिला ढकललं. वसंताक्का थर्माससकट दाराच्या चौकटीवर आपटली. सीतालक्ष्मीबाई काठी टेकत आत शिरल्या, थेट खाटेपर्यंत आल्या आणि नवऱ्याच्या उशाशी बसल्या. आपण काय केलं हे त्यांना कळलंही नव्हतं.

दारात वसंताक्कानं पदर सारखा केला. खांदा चोळला. एकदा खांद्याकडे पाहिलं, एकदा वैनीकडे, आणि मग पहारेकरणीचा दंड पकडून म्हणाली,

"बघितलंस? डाव्या हातानं!"

पहारेकरणीला मराठी येत नव्हती. म्हणून वसंताक्कानं तेच तमिळमध्ये सांगितलं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात.